आधी यादी, मग आकडा

‘मुलीला महिन्याला किती देता हो?’ काउंटरपलीकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. दिवसभर नोटा मोजणाऱ्या बाईला घरातलंही गणित जमतच असणार, असा सभासदांचा भाबडा समज. मी आकडा सांगत नाही. कुणाच्या घरचे ५०० आणि कुणाच्या घरचे २००० एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत.

माझी लेक दहावीत. मैत्रिणीला २००० मिळतात, हे जेवताना रोज कानावर पडायचं. शेवटी तिलाच म्हटलं, त्यात काय काय भागवायचं असतं ते विचारून ये. क्लासची रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज, वह्या, झेरॉक्स आणि घरी डबा होत नाही म्हणून दुपारचं खाणंही! हौसेला तिच्याकडे उरत होते ते आमच्या लेकीइतकेच.

तेव्हा आधी यादी करावी, आणि ती मुलांच्या देखत. घरानं करायचे खर्च एकीकडे: फी, क्लास, पुस्तकं, चपला, रिचार्ज, सायकलची दुरुस्ती. मुलीच्या पॅडचे पैसेही इकडेच. ते खाऊच्या पैशातून काटकसर करून आणायची वेळ कुठल्याच मुलीवर येऊ नये. उरलेले खर्च तिचे. आमच्याकडे ते असे निघाले: क्लास सुटल्यावर आठवड्यातून दोनदा भेळ किंवा वडापाव, महिन्याचे साधारण २४०. वाढदिवसांची वर्गणी १००. पेनं, हेअरबँड, किरकोळ १००. झाले ४४०. आम्ही ५०० ठरवले. वरचे ६० मात्र मी जाणूनबुजून कमी ठेवले आहेत. हेडफोन हवा असेल तर त्यांत काही महिने भर घालावी लागते, नाहीतर भेळ सोडावी लागते. दोन्ही एकदम बसत नाही, तेव्हाच मूल विचार करायला लागतं.

एकाच घरातल्या दोन मुलांनाही सारखा आकडा न्याय्य असतोच असं नाही. माझे पुतण्या-पुतणी तासगावकडच्या गावातून एसटीनं येतात. पुतणीला अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट; पुतण्याला सवलत मिळूनही तिकिटाचा एक तृतीयांश भरावा लागतो. पासाचे पैसे हातखर्चात धरले, तर त्याचा आकडा मोठा दिसतो आणि पोरगी रुसते. पास घरखर्चात टाकला की भांडण मिटतं.

त्यांच्याकडे आणखी एक अडचण आहे. द्राक्षाचे पैसे एकरकमी येतात. त्या दिवसांत पोरांच्या हातावर मोठी नोट पडते आणि पुढे पावसाळाभर शुकशुकाट. दिराला मी म्हटलं, कमी द्या, पण ठरल्या दिवशी द्या. आमच्या धंद्यात पिग्मी त्याच तत्त्वावर चालते. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं दारोदार फिरून रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, ती लोकांकडे एकदम मोठी रक्कम नसते म्हणूनच. बारा-तेराच्या पोराला आठवड्यानं द्यावेत. पंधरा-सोळाच्याला महिन्यानं, पगाराच्या दिवशी. मधे संपले तर पुढच्यातून उचल मिळेल, पण ती कापली जाईल. व्याज मात्र नको, आई म्हणजे सावकार नव्हे. मार्कांवर पैसे लावणं मला पटत नाही. आपलं ताट घासल्याबद्दल तर नाहीच नाही.

आता नोटा की मोबाईल, हा नवा वाद. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये आईबापांच्या खात्यातून मूल पैसे देऊ शकतं. त्यात दोन तऱ्हा आहेत. एकीत महिन्याला १५,००० पर्यंतची मर्यादा आखून देता येते. दुसरीत प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागते. दुसरी तऱ्हा सुरक्षित खरी, पण मुलीच्या प्रत्येक वडापावाला मी काउंटरवरून होकार द्यायचा? त्याला हातखर्च कसं म्हणायचं? त्यापेक्षा तिचं स्वतःचं खातं बरं. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू द्यावं, अशी मुभा रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात बँकांना दिली आहे. रकमेची मर्यादा ज्या त्या बँकेनं ठरवायची, आणि खातं उणे होऊ द्यायचं नाही. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तेव्हा यासाठी माझ्या काउंटरवर येऊ नका.) यादीत बसणाऱ्या पैशांचा हिशेब मी मागत नाही. ओवाळणीचे मात्र तिच्या खात्यात जातात, कारण आजीची पाचशेची नोट महिन्याचं सगळं गणित बिघडवते.

जूनमध्ये ती अकरावीला जाईल. कॅन्टीन आलं, सिटी बस आली, म्हणजे यादी नव्यानं करायची. तिनं १२०० चा मसुदा माझ्या टेबलावर ठेवलासुद्धा. त्यात ‘इतर’ म्हणून ४०० आहेत. ‘तपशील जोडावा’ असा शेरा मारून मी तो परत पाठवला आहे.