अस्थींचे असंधान : एक संज्ञा, दोन अवस्था

मोडलेले हाड जुळले की आपण ते ‘सांधले’ असे म्हणतो, आणि दोन हाडे जेथे परस्परांवर हलतात त्या स्थानासही ‘सांधा’च म्हणतो. संस्कृतातील ‘संधि’ शब्दात जुळणे व जुळणीचे स्थान हे दोन्ही अर्थ आहेत. मांडीचे अथवा नडगीचे हाड मोडून जुळले नाही, म्हणजे हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात उभे राहतात : संधान होत नाही, म्हणून जेथे सांधा नको तेथे हालचाल राहते. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘स्यूडार्थ्रोसिस’, म्हणजे मिथ्यासंधी, ही संज्ञा याच अनुभवातून आली आहे.

सामान्यतः अस्थिभंगास 9 महिने होऊनही हाड जुळले नसेल आणि अखेरच्या 3 महिन्यांत कोणतीही प्रगती दिसत नसेल, तर त्यास असंधान म्हणतात. ही व्याख्या कालाची आहे, कारणाची नव्हे. शस्त्रवैद्यास मात्र कारणच हवे असते. वेबर व चेख यांनी 1976 मध्ये केलेल्या वर्गीकरणाचे महत्त्व येथेच आहे.

त्यांतील पहिली अवस्था अतिपुष्ट असंधानाची होय. क्ष-किरणचित्रात भग्न टोकांभोवती नवे हाड पुष्कळ दिसते. टोके हत्तीच्या पायासारखी रुंदावतात. हाडाची जुळण्याची शक्ती येथे शाबूत असते. उणीव असते ती स्थैर्याची. भंगाच्या फटीतील कोवळी ऊती ताणली जाऊन दुप्पट लांब झाली तरी टिकते. हाड मात्र सुमारे 2 टक्क्यांहून अधिक ताण सोसू शकत नाही. हालचाल थांबल्यावाचून तेथे हाड बनणे शक्य नसते. यास्तव अस्थिमज्जेच्या पोकळीत जाड सळई घालणे किंवा पट्टीने दोन्ही टोके परस्परांवर दाबून धरणे, एवढ्याने पुष्कळदा कार्य साधते. अस्थिकलमाची गरज पडत नाही. अशा सळईचा प्रयोग क्युंट्शर यांनी 1939 मध्ये कील येथे केला होता.

दुसरी अवस्था क्षीण असंधानाची. येथे टोके निमुळती होतात व नवे हाड दिसत नाही. केवळ सळई घालून येथे भागत नाही. निकामी भाग रक्त दिसेपर्यंत खरवडून काढणे, कटीच्या हाडाच्या कडेतून घेतलेले कलम भरणे आणि मग स्थिरीकरण करणे, असा क्रम असतो. दोन्ही अवस्थांत जंतुसंसर्गाचा शोध प्रथम घ्यावा लागतो. तो आढळल्यास दूषित हाड काढून टाकणे क्रमप्राप्त ठरते आणि मोठी पोकळी उरते.

ही पोकळी भरण्याचा एक मार्ग इलिझारोव्ह यांनी सायबेरियातील कुर्गान येथे सिद्ध केला. तारांनी व कड्यांनी हाड बाहेरून धरावयाचे, निरोगी भागात नवा छेद घ्यावयाचा आणि सुटा झालेला तुकडा दररोज 1 मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरने चार वेळा, सरकवावयाचा; त्याच्या मागे नवे हाड तयार होत जाते. नडगीच्या जुन्या असंधानाने त्रस्त झालेले इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्यावर 1980 मध्ये कुर्गानला उपचार झाले, आणि त्यानंतरच पश्चिम युरोपचे या पद्धतीकडे लक्ष वेधले.

येथे संज्ञेविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. क्षीण असंधानास पूर्वी ‘निर्जीव’ मानीत. तथापि पुढील संशोधनात अशा जागीही रक्तवाहिन्या आढळल्या आहेत. क्ष-किरणचित्रातील रूपावरून दिलेल्या नावाने ऊतीच्या प्राणशक्तीविषयी अधिक विधान केले होते. म्हणून मराठी परिभाषा घडविताना ‘असंधान’ या एका शब्दावर थांबणे योग्य नव्हे. त्यापूर्वी ‘अतिपुष्ट’ किंवा ‘क्षीण’ हे विशेषण आणि संसर्गाचा उल्लेख आवश्यक आहे. पहिल्या अवस्थेतील रुग्णास कारणावाचून कलमाची दुसरी जखम सोसावी लागू नये, आणि दुसरीतील रुग्णाची केवळ सळई बदलून आणखी एक वर्ष वाया जाऊ नये, एवढे त्या विशेषणावर अवलंबून आहे.