पदार्थ कळकतो म्हणजे काय?

पदार्थांत घडणारे फरक दोन प्रकारचे असतात. थंडींत तूप थिजतें व चुलीजवळ ठेवतांच पातळ होतें. पण तूप तें तूपच राहतें. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे दिसेनासें होतें. परंतु पाणी आटविलें कीं तळाशीं पुनः मीठच सांपडतें. रूप पालटलें, द्रव्य पालटलें नाहीं. याला भौतिक फरक म्हणतात. उलटपक्षीं, दुधाचें दहीं झालें कीं कांहीं केल्या त्याचें पुनः दूध होत नाहीं. करपून काळी पडलेली साखर पुनः पांढरी होत नाहीं. तेथें जुनें द्रव्य जाऊन निराळ्या गुणधर्माचें नवें द्रव्य उत्पन्न झालेलें असतें. हा रासायनिक फरक होय.

मुलें हा भेद परीक्षेपुरता पाठ करतात; पण स्वयंपाकघरांत त्याची गांठ आरोग्याशीं आहे. हल्लीं तांब्यापितळेचीं भांडीं पुनः घरोघर येऊं लागलीं असून कित्येकजण तांब्याच्या बाटलींतून लिंबाचें सरबतहि नेतात. म्हणून जुन्या बायका ज्याला ‘कळकणें’ म्हणत, तें काय आहे हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

देवघरांतील तांब्या काळवंडला कीं आपण त्याला चिंच चोळतों आणि तो लखलखतो. हवेंतील प्राणवायूचा तांब्याशीं संयोग होऊन त्यावर काळपट पुट चढलेलें असतें. चिंचेंतील आम्लाची त्या पुटावर क्रिया होऊन तांब्याचा क्षार बनतो व तो पाण्यांत विरघळून मोरींत जातो. आतां हेंच सार, कढी किंवा ताक यांच्या बाबतींत घडलें तर? आम्ल तसेंच, तांबें तेंच, क्षारहि त्याच जातीचा. मात्र या वेळीं तो पोटांत जातो. पितळ हें तांबें व जस्त यांचें मिश्रण असल्यामुळें त्याचीहि तीच गत. ताक हिरवट दिसूं लागतें, जिभेला धातूची कडवट चव लागते. हेंच कळकणें. असा पदार्थ खाण्यांत आल्यास थोड्याच वेळांत मळमळ, ओकारी, पोटांत कळा व जुलाब सुरू होतात. आमच्या रसशास्त्रकारांनींहि अशुद्ध ताम्राच्या दोषांत वांति व भ्रम यांची गणना केली आहे.

कळकलेला पदार्थ उकळून शुद्ध होईल, ही समजूत घातक आहे. उकळल्यानें पाणी तेवढें उडून जाईल. क्षार मागेंच राहील. तो पदार्थ टाकूनच दिला पाहिजे.

यावर पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडें घांसून निखाऱ्यांवर तापवितो, आंत नवसागर टाकतो आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानें तें कथील सर्वत्र पसरवितो. या एकाच कृतींत दोन्ही प्रकारचे फरक पाहावयास मिळतात. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें व निवतांच पुनः घट्ट होतें; हा भौतिक फरक. नवसागर तापला कीं त्यांतून अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु निघतो, आणि हा दुसरा वायु धातूवरील पुट खाऊन टाकतो. हा रासायनिक फरक. पुट गेल्यावांचून कथील धातूला धरीत नाहीं. अन्नांतील सौम्य आम्लांचा कथलावर फारच थोडा परिणाम होतो. म्हणून हा पातळ थर अन्नाला तांब्याचा स्पर्श होऊं देत नाहीं.

तेव्हां गृहिणींनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. भांड्याच्या आंत तांबूस किंवा पिवळे डाग दिसूं लागले कीं कल्हई उडाली असें समजावें व ती पुनः लावून घ्यावी. कल्हईचें भांडें रिकामें असतां जाळावर ठेवूं नये. आंत पाणी आहे तोंवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी पलीकडे जात नाहीं. रिकामें भांडें मात्र पाहतां पाहतां २३२ अंश ओलांडतें व कथील वितळून ओघळतें. कल्हईचें कथील शुद्ध आहे याची खात्री करून घ्यावी. त्यांत शिसें मिसळलेलें असल्यास तें, विशेषतः लहान मुलांना, विषासारखें बाधतें.

साध्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालेल, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें घालून दिली आहे. स्वच्छ तांब्यांत रात्रभर ठेवलेलें साधें पाणी सहसा या मर्यादेंत राहतें. पण त्यांत लिंबू पिळलें कीं हिशेब बदलतो. ताक, सरबत, लोणचें यांसाठीं कांच, चिनी माती किंवा स्टील हींच बरीं. चिंचेनें तांब्याचें भांडें खुशाल उजळावें. तिचें सार मात्र त्यांत ठेवूं नये.