धंदा सुरू करताना (भाग 5) : आधी जागेचे कागद, मग परवाने

मागच्या भागात उद्यम नोंदणी पाहिली. ती फुकट होते, आधार क्रमांकावर होते, एकही कागद जोडावा लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पण हे प्रमाणपत्र म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे.

आज भंडाऱ्याजवळचं शहापूर घेऊ. राष्ट्रीय महामार्गावरचं गाव, धानाचा मुलूख. समजा, इथल्या एका मुलीला वडिलांच्या जागेत लहानशी राइस मिल टाकायची आहे. धान भरडायचं आणि चिन्नोर तांदूळ पाकिटात भरून विकायचा.

तिने सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. जमीन शेतीची असेल तर बिगरशेतीचं काय, भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगी कुणाची, हे तहसील कार्यालयात आधी विचारावं. मग ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. फाटक थेट महामार्गावर उघडणार असेल तर महामार्ग प्राधिकरणाचीही परवानगी लागते. शेड उभी राहिल्यावर ही चौकशी केली आणि नकार आला, तर भिंतीसकट खर्च अंगावर येतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचंही तसंच. उभारणीची संमती बांधकामाआधी घ्यायची, चालवण्याची नंतर. नुसती भरडाई असेल तर काम तुलनेने सोपं. धान उकडून उसना तांदूळ करायचा ठरला की सांडपाणी आलं, धूर आला, आणि मंडळ मिलला जास्त प्रदूषणाच्या वर्गात धरतं. त्यामुळे काय बनवायचं हे अर्ज करण्याआधीच पक्कं ठरवा. पूर्वी राइस मिलला 1958च्या कायद्याखाली वेगळा परवाना लागे. तो कायदा 1997मध्ये रद्द झाला. वडीलधारे ‘मिलचं लायसन’ म्हणतात ते त्या काळचं.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर अर्ज हमखास अडतो. वीजबिल वडिलांच्या नावाचं, अर्ज मुलीचा. तेव्हा वडिलांचं संमतीपत्र हवं, आणि बिलावरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळायला हवं. मिलचं नावही एकदा ठरलं की सगळीकडे अक्षरशः तेच लिहा. बँकेत ‘राइस मिल’ आणि अन्न परवान्यावर ‘राइस इंडस्ट्रीज’ असं चालत नाही.

खाद्यपदार्थ म्हटला की अन्नसुरक्षेची नोंदणी आलीच. 2011च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढालीच्या धंद्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी दिली, फी वर्षाला 100 रुपये. मिळालेला 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना हे वैधमापनशास्त्राच्या नियमांनी येतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची, हे नवखे लोक फार विसरतात. ‘भंडारा चिन्नोर’ला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावाने विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी.

जीएसटीसाठी मालाच्या विक्रीची मर्यादा 40 लाखांची आहे खरी, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर 5 टक्के कर आहे. अशी पाकिटं शेजारच्या बालाघाटला, म्हणजे मध्य प्रदेशात, विकायची असतील तर नोंदणी पहिल्या विक्रीआधीच हवी.

पुढच्या आठवड्यात व्यवसाय कर आणि दुकान कायदा : वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नेमकं काय कळवायचं आणि कुठे.