शेवटचा फटका

कासारवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने दापोडी सोडलं की खडकी येतं, धनराज पिल्ले यांचं खडकी. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तब्बल ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी १-१ बरोबरी, मग पेनल्टी स्ट्रोकवर ४-२. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांचं श्रेय तितकंच मोठं, कारण ६.४० मीटरवरून आलेला स्ट्रोक अडवणं महाकठीण.

शेवटच्या फटक्याचं श्रेय मिळतं, तसा दोषही येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९१ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात बफेलो संघाच्या स्कॉट नॉरवुड यांची ४७ यार्डांवरची किक अगदी शेवटी उजवीकडून बाहेर गेली. संघ १९-२० असा हरला. साऱ्या सामन्याचं खापर एकट्यावर फोडणं अन्यायाचंच.

हॉकीत बरोबरी सोडवायला आता स्ट्रोकऐवजी शूटआउट असतो: २३ मीटरच्या रेषेवरून सुरुवात, हाती फक्त ८ सेकंद.