'चान्स टू' की 'चान्स ऑफ'? इंग्रजी नामाच्या पुढे काय लावायचं

बंगळुरूच्या इंदिरानगरातून बोलतोय. आमच्या डिफेन्स कॉलनीत माझ्यासारखे निवृत्त फौजी बरेच, आणि आसपास भाड्यानं राहणारी, मेट्रोनं ऑफिसला जाणारी मराठी मुलंही बरीच. त्यांतलाच मराठवाड्यातला एक मुलगा रविवारी माझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात आला तो चेहरा पाडूनच.

त्यानं ऑफिसच्या मीटिंगमध्ये एक इशारा दिला होता. म्हणायचं होतं, 'असं केलं तर डेटा जाण्याची शक्यता आहे.' तो म्हणाला, 'वुई हॅव अ चान्स टू लूज द डेटा.' दोघं-तिघं हसले आणि विषय पुढे गेला. मुलगा मला म्हणाला, "काका, माझं म्हणणं बरोबर होतं. पण त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही."

चूक एवढीच होती, की 'चान्स टू लूज' म्हणजे गमावण्याची संधी. गमावण्याची शक्यता म्हणजे 'चान्स ऑफ लूजिंग'. 'टू' आणि 'ऑफ'च्या गोंधळात धोक्याची सूचना विनोद होऊन गेली. म्हणून आजचा भाग यावरच.

आधी आपण कुठे अडखळतो ते बघू. मराठीत बघा: जाण्याची परवानगी, जाण्याचा प्रयत्न, जाण्याची सवय, जाण्याचा धोका, जाण्याचं कारण. सगळीकडे तेच 'ण्याचा-ण्याची-ण्याचं'. एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडतात. हिंदीतही तसंच, जाने की इजाजत, जाने का खतरा. इंग्रजीत मात्र प्रत्येक नामाचं कुलूप वेगळं. तेव्हा मराठी माणूस इथे चुकतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याची स्वतःची भाषा त्याला पक्की येते, म्हणून तो तिचीच किल्ली लावून बघतो.

आता कुलपांचे तीन गठ्ठे करू.

पहिला गठ्ठा: 'टू' आणि क्रियापदाचं मूळ रूप. 'परमिशन टू गो', 'डिसिजन टू लीव्ह', 'अटेम्प्ट टू एस्केप', 'प्रॉमिस टू पे', 'रिफ्यूजल टू साइन', 'राइट टू व्होट'. हा 'टू' मुळात दिशा दाखवणाराच शब्द. 'टू पुणे' म्हणजे पुण्याकडे, तसं 'टू गो' म्हणजे जाण्याच्या क्रियेकडे. या नामांमध्ये माणूस पुढच्या कृतीकडे तोंड करून उभा असतो. त्यानं ठरवलंय, त्याला हवंय, त्याला मुभा आहे किंवा तो नाकारतोय. कृती अजून पुढे आहे.

दुसरा गठ्ठा: 'ऑफ' आणि क्रियापदाचं 'इंग' रूप. 'रिस्क ऑफ फॉलिंग', 'हॅबिट ऑफ स्मोकिंग', 'पॉसिबिलिटी ऑफ विनिंग', 'कॉस्ट ऑफ रिपेअरिंग', 'आयडिया ऑफ मूव्हिंग'. इथे कोणी कृतीकडे निघालेला नाही. कृती ही एक वस्तू समजायची आणि तिच्याबद्दल काही सांगायचं: तिचा धोका, तिची सवय, तिचा खर्च.

या दोन गठ्ठ्यांसाठी एक मराठी चाचणी सांगतो. 'ण्याचा' काढून 'आयला' लावून बघा. 'जायला परवानगी', 'बोलायला वेळ', 'सही करायला नकार' हे कानाला बरं लागतं. 'पडायला धोका', 'ओढायला सवय', 'दुरुस्त करायला कल्पना' हे लागत नाही. 'आयला' बसलं तर बहुधा 'टू'. नाही बसलं तर बहुधा 'ऑफ'. मुलाचं वाक्यही असंच तपासता येतं. 'खेळायला चान्स मिळाला' आपण म्हणतो, ती संधी. 'डेटा जायला शक्यता' कोणी म्हणत नाही.

चाचणीला अपवाद आहेत, तेही ऐका. इच्छा, प्रयत्न, निर्णय यांना मराठीत 'आयला' चालत नाही, पण इंग्रजीत 'टू'च लागतं, कारण ही मनाच्या ठरवण्याची नामं आहेत. उलट अडचण, हरकत, उशीर यांना 'आयला' चालतं, आणि ती मात्र तिसऱ्या गठ्ठ्यात जातात.

तिसरा गठ्ठा: ज्यांचं शब्दयोगी अव्यय आपलं आपलं ठरलेलं आहे. 'इंटरेस्ट इन लर्निंग', 'सक्सेस इन फाइंडिंग', 'डिफिकल्टी इन ब्रीदिंग', 'डिले इन पेइंग'. इथे मराठी मदत करते: शिकण्यात रस, शोधण्यात यश, श्वास घेण्यात अडचण. 'ण्यात' आलं की 'इन' आठवा. कारण किंवा सबब सांगायची तर 'फॉर': 'रीझन फॉर कमिंग लेट', 'एक्सक्यूज फॉर नॉट कमिंग'.

याच गठ्ठ्यात एक फसवा 'टू' लपलेला आहे. 'ऑब्जेक्शन टू गोइंग'. इथे 'टू' आहे, तरी पुढे 'गो' नाही, 'गोइंग' आहे. ओळखायचं कसं? 'टू'च्या पुढे क्रियापदाऐवजी साधं नाम ठेवून बघा. 'ऑब्जेक्शन टू द प्लॅन' जमतं, म्हणून हा 'टू' शब्दयोगी, आणि त्याच्यापुढे 'इंग' रूप. 'परमिशन टू द प्लॅन' जमत नाही, म्हणून तिथला 'टू' क्रियापदाचा, आणि पुढे मूळ रूप.

काही नामं दोन्हीकडे बसतात. 'इंटेन्शन टू सेल' आणि 'इंटेन्शन ऑफ सेलिंग' दोन्ही बरोबर. 'वे टू डू इट' आणि 'वे ऑफ डूइंग इट' दोन्ही बरोबर. तिथे डोकं खाजवत बसू नका. 'चान्स'चं तसं नाही. तिथे एका अव्ययानं अर्थ संधीवरून शक्यतेवर जातो.

अजून एक गोष्ट. क्रियापदाला अव्यय लागत नाही, पण त्याच शब्दाच्या नामाला लागतं, असं पुष्कळदा होतं. 'अटॅक द पोस्ट', पण 'अटॅक ऑन द पोस्ट' केला. 'रिक्वेस्ट लीव्ह', पण 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' दिली. 'डिस्कस द प्लॅन', पण 'डिस्कशन अबाउट द प्लॅन' झालं. आपण सर्रास 'डिस्कस अबाउट' म्हणतो. नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटवायचं नाही.

आता माझी गोष्ट. पदवी मराठी माध्यमाच्या वळणानं घेतलेली, अंगावर सेकंड लेफ्टनंटचा नवा गणवेश. बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज लिहिला आणि त्यात 'परमिशन ऑफ गोइंग होम' असं ठोकून दिलं. कमांडिंग ऑफिसरनी लाल पेन्सिलनं गोल केला आणि खाली लिहिलं, 'रजा मंजूर. ऑफ नामंजूर.' मला बोलावून म्हणाले, "बेटा, नाम एकटं पाठ करू नकोस. ते ज्याच्याबरोबर चालतं, त्याच्यासकट पाठ कर." तेव्हा कान तापले होते. पण ते हसले नाहीत, आणि त्यांनी रजाही अडवली नाही. म्हणून मी पुढे लिहीत राहिलो.

त्यांचा सल्ला आज तुम्हाला देतो. वहीत 'रिस्क' म्हणजे धोका एवढंच लिहू नका. 'रिस्क ऑफ फॉलिंग' असं लिहा. 'परमिशन टू गो', 'इंटरेस्ट इन लर्निंग', 'ऑब्जेक्शन टू गोइंग' अशा जोड्या लिहा. रोज पाच जोड्या मोठ्यानं म्हणा. ड्रिलसारखं आहे, पाय आपोआप पडायला लागतो.

त्या मुलानंही वहीत पहिली जोडी 'चान्स ऑफ लूजिंग' लिहिली. मग मी त्याला सोमवारी तोच इशारा ईमेलनं पाठवायला लावला, एका ओळीत. उत्तर आलं, 'याचा बॅकअप आजच घ्या.' पुढच्या रविवारी तो आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, आज मीटिंगमध्ये बोलायला शिकवा."

तुमचा गृहपाठ: निर्णय, भीती, यश, हक्क आणि अनुभव, या पाच नामांची इंग्रजी वाक्यं करा. आधी मराठीत 'आयला' आणि 'ण्यात' लावून बघा, मग इंग्रजीकडे जा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.