मूत्रपिंडाच्या कर्करोगाची अवस्थानिश्चिती आणि पॉझिट्रॉन-चित्रण

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची अवस्था ठरविताना गाठीचा विस्तार, लसीकाग्रंथींतील शिरकाव व दूरच्या अवयवांतील प्रसार पाहावा लागतो. केवळ शस्त्रक्रिया पुरेल काय, हे बहुतांशी तिसऱ्या गोष्टीवर ठरते. आजही मुख्य भिस्त सीटी-चित्रणावरच आहे. फ्लोरीन-१८ने चिन्हांकित केलेले ग्लुकोज येथे फसते. कारण ते मूत्रावाटे बाहेर पडते आणि गाठ त्या उजेडात झाकली जाते. म्हणून स्वच्छपेशी प्रकारात विपुल आढळणाऱ्या कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ या प्रथिनाला चिकटणारे गिरेंटुक्सिमॅब हे प्रतिपिंड झिर्कोनियम-८९ने चिन्हांकित करण्यात आले. २०२२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘झिर्कॉन’ चाचणीत त्याची संवेदनशीलता ८६ टक्के, तर विशिष्टता ८७ टक्के आढळली. ही चाचणी संशयित गाठीचा प्रकार ओळखण्यासाठी होती, अवस्थानिश्चितीसाठी नव्हे, हा भेद अभ्यासकाने विसरू नये.

सोलापुरात बसून विचार करणाऱ्यास अर्धायुष्याचे गणितही मांडावे लागते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे. मुंबईहून येण्यास सात तास लागले, तर जेमतेम चौदावा हिस्सा उरतो. झिर्कोनियमचे अर्धायुष्य ७८ तासांचे असल्याने तेवढ्या प्रवासात सहा टक्केच घटतात. मात्र प्रतिपिंड गाठीत साचण्यास काही दिवस लागतात. रुग्णाला दोन खेपा घालाव्या लागतात.