प्रश्नांआधीच उत्तरं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्यामुळे सानपाड्यातल्या एखाद्या संगणक क्लासला वीस मशीन पुसून नवी विंडोज टाकायची असेल, तर भाषा, कीबोर्ड, डिस्क, खातं हे सेटअपचे तेच प्रश्न वीसदा समोर येतात. त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात.

‘ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल’ नावाची साधी मजकूर फाइल इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवायची. सेटअप ती आपणहून शोधून वाचतो. डिस्कचे भाग, भारतीय प्रमाणवेळ, मराठी कीबोर्ड, खाती, शेवटी चालवायच्या आज्ञा असं सगळं तिच्यात लिहिता येतं. लिनक्समध्येही ही सोय आहे: रेड हॅटचं ‘किकस्टार्ट’, डेबियनचं ‘प्रीसीड’, उबुंटूचं ‘ऑटोइन्स्टॉल’.

मात्र डिस्क पुसण्याची आज्ञा फाइलमध्ये असेल, तर सेटअप पुन्हा विचारत नाही. म्हणून आधी बॅकअप घ्या आणि पहिला प्रयोग व्हर्च्युअल मशीनवर करा. फाइलमधला पासवर्ड सहज वाचता येतो, त्यामुळे तो तात्पुरता ठेवून नंतर बदला. आणि उत्तरं तयार असली, तरी विंडोजचा परवाना वेगळा लागतोच.